रुग्णाची भाषा शिकलेला डॉक्टर : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

नाकाडोंगरीच्या परिसरात घरोघरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलली जाते. दवाखान्याची पायरी चढताच मात्र तोच माणूस प्रमाण मराठीतले शब्द शोधू लागतो. दुखणे एका बोलीत जाणवते आणि सांगावे लागते दुसरीत. पुष्कळदा ते अर्धेच सांगितले जाते. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी परिचारिका व्हावे, डॉक्टर व्हावे, असे अनेक पालकांच्या मनात असते. म्हणून या स्मरणिकेसाठी चरित्र निवडताना आम्ही डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव घेतले. त्यांच्या त्यागावर विपुल लिहिले गेले आहे. परक्या रुग्णांशी बोलता यावे म्हणून त्यांनी घेतलेल्या कष्टांकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढील शिक्षणाच्या तयारीला लागले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली व तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले. प्रमुख होते डॉ. अटल. कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर हे इतर चौघे. विदर्भाला चोळकरांचे नाव आज क्वचितच आठवते, याची आम्हाला खंत वाटते. सप्टेंबर १९३८ मध्ये पथकाने मुंबई सोडली आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये ते यान्आन येथे पोहोचले. वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणिसांना चीनमध्येच मिळाली. तरीही ते परतले नाहीत.

त्यांच्यापुढे येणारे जखमी हे बहुतांशी शेतकऱ्यांचे मुलगे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि डॉक्टरांना चिनी येत नव्हते. अशा वेळी दुभाषी कामाला येतो, पण त्यालाही मर्यादा असतात. दुभाषी मध्ये असला की रुग्ण त्याच्याकडे पाहून बोलतो, आणि डॉक्टरला त्या चेहऱ्यावर जे वाचायचे असते ते निसटते. पाय कापावा लागेल हे विशीतल्या मुलाला सांगायचे असेल तर ते तिसऱ्याच्या तोंडून कसे सांगावे? कोटणीस चिनी शिकले. नुसते कामापुरते शब्द शिकून ते थांबले नाहीत. वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवण्याइतका आणि त्यांच्यासाठी शल्यचिकित्सेवर लिहिण्याइतका अधिकार त्यांनी मिळवला. चीनमधून ह्यूएनत्संग भारतात आला तो धम्मग्रंथांच्या मूळ भाषेच्या ओढीने. तेराशे वर्षांनी एक सोलापूरकर उलट दिशेने गेला आणि खाटेवरच्या माणसासाठी चिनी शिकला.

उत्तर चीनच्या ज्या डोंगराळ भागात ते पुढे काम करू लागले, तेथेच कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावे चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. लढाईच्या धुमश्चक्रीत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करीत राहिल्याचे सांगितले जाते. आम्हाला मात्र त्याहून मोलाची वाटते ती सैनिकांनी त्यांना दिलेली दोन नावे. के दिहुआ हे त्यांचे चिनी नाव. त्यातील के हा शब्द घेऊन लोक त्यांना लाओ के, म्हणजे आपला जुना जाणता के, म्हणत. दुसरे नाव होते काळी आई. आपल्याकडे काळी आई म्हणजे शेतजमीन. तिकडच्या सैनिकांना तो अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी वर्ण पाहिला आणि माया पाहिली. शल्यविशारद पुरुषाला आई म्हणावेसे वाटते तेव्हा कौशल्याच्या जोडीला आणखी काही पोहोचलेले असते. कपाळावर हात ठेवणे, पट्टी सोडण्यापूर्वी तसे सांगणे, उत्तर येईपर्यंत थांबणे, या गोष्टी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिल्या जात नाहीत.

१९४१ मध्ये त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. कोटणिसांना अपस्माराचे झटके येत, तरी काम सुटले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच झटक्यात, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. विद्यार्थ्यांसाठी लिहायला घेतलेले शल्यचिकित्सेचे पुस्तकही अपुरे राहिले.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. जुन्या पिढीतील पालकांपैकी काहींनी तो पाहिला असेल. सोलापुरातील त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. नाकाडोंगरीहून तो प्रवास लांबचा खरा, तरी वरच्या वर्गांच्या पुढील सहलीत सोलापूर घ्यावे, असे आम्ही शाळेला सुचवले आहे.