कर्नल साइक्स आणि सह्याद्रीतील भेकर

भीमाशंकरच्या अरण्यातील शेकरू हा आंबेगाव तालुक्याचा अभिमान होय. मात्र त्याच्या उपजातीला १८३१ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव देणारे संशोधक, कर्नल विल्यम हेन्री साइक्स, आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहेत.

१७९० मध्ये इंग्लंडात जन्मलेले साइक्स कोवळ्या वयातच कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात दाखल झाले. १८१७ मध्ये खडकीच्या रणात ते पेशव्यांविरुद्ध लढले. पुढे १८२४ मध्ये एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर दख्खनच्या सांख्यिकी पाहणीचे काम सोपविले आणि या शिपाईगड्याचा अभ्यासक झाला. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकला त्यांनी प्रसिद्ध केल्या. नद्यांतील माशांची वर्णने करताना खुद्री, फुलंगी ही लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घातली. १८२९ मध्ये त्यांचे पदच रद्द झाले. तरी १८३१ च्या जानेवारीत काम पुरे करूनच ते मायदेशी निघाले.

दख्खनच्या सस्तन प्राण्यांच्या त्यांच्या यादीत भेकर आहे. तो घाटातच राहतो, मैदानात उतरत नाही, ही नोंदही आहे. परंतु नमुना हाती आला म्हणून प्राणी कळतोच असे नाही. भेकर-सांबरांची शिंगे गाय-म्हशींसारखी कायमची नसतात. ती भरीव हाडाची असून गळतात व पुन्हा उगवतात. वाढत्या शिंगावर मखमली त्वचा असते आणि तिच्यातील रक्तवाहिन्या त्याचे पोषण करतात. नराच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढले, की हाड टणक होते व त्वचा सोलली जाते. ते ओसरले, की बुडाशी हाड झिजून शिंग गळते. खच्ची केलेल्या नरात म्हणूनच हे चक्र विस्कटते. थंड देशांत त्याची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते. आपल्याकडील चितळांच्या एकाच कळपात मात्र मखमली आणि टणक शिंगांचे नर एकत्र दिसतात. एखाद्या शिकार केलेल्या नरावरून हे उमगणे कठीणच.

साइक्स पुढे कंपनीचे अध्यक्ष व पार्लमेंटचे सभासद झाले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. हॉर्मोन हा शब्द रूढ झाला तो १९०५ मध्ये आणि टेस्टोस्टेरॉन वेगळे काढता आले ते १९३५ मध्ये. साइक्स यांच्या निधनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. जंगलात आपोआप गळून पडलेले शिंगही आज परवानगीवाचून घरी नेता येत नाही.