सुकल्या तंत्राला पालवी

व्हिडिओ गेमच्या बाजारात २००६ च्या अखेरीस जे युद्ध पेटले, त्यात तीन बलाढ्य कंपन्या समोरासमोर उभ्या होत्या. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स ३६०’ वर्षभर आधीच दुकानांत येऊन बसला होता. सोनीने नोव्हेंबरमध्ये ‘प्लेस्टेशन ३’ आणला. अमेरिकेत त्याची किंमत ५०० आणि ६०० डॉलर होती. या दोघांची भाषा एकच होती. अधिक वेगवान प्रोसेसर, अधिक रेखीव चित्र, अधिक ताकद. तिसरी कंपनी क्योतोची निन्टेंडो. तिने अवघ्या २५० डॉलरला ‘वी’ नावाचे यंत्र विकायला काढले. त्याचा प्रोसेसर म्हणजे याच कंपनीच्या २००१ मधील यंत्रातल्या प्रोसेसरची सुधारलेली आवृत्ती होती. ताकदीच्या मोजपट्टीवर हे यंत्र कुठेच टिकणारे नव्हते.

मात्र त्यासोबत टीव्हीच्या रिमोटसारखी एक पांढरी कांडी मिळत होती. ती बॅटसारखी फिरवली की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरे, चेंडू टाकल्यासारखा हात पुढे नेला की पडद्यावर बोलिंगचा गोळा घरंगळत जाई. ज्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता, असे आजी-आजोबाही त्या कांडीने खेळू लागले. वीची विक्री अखेर १० कोटी १६ लाखांवर पोहोचली. प्रतिस्पर्ध्यांची दोन्ही यंत्रे आठ कोटींचा टप्पा ओलांडून नऊ कोटींच्या अलीकडेच थांबली.

हा विजय पाहायला एक माणूस हयात नव्हता. त्याचा मृत्यू होऊन नऊ वर्षे झाली होती, आणि मरणापूर्वी वर्षभर आधीच तो निन्टेंडोतून बाहेर पडला होता. गुनपेई योकोई हे त्याचे नाव. वीच्या रचनेत त्यांचा हात असण्याचा प्रश्नच नव्हता. ती सातोरू इवाता, गेन्यो ताकेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कामगिरी. पण ज्या विचारातून ते यंत्र घडले, तो विचार निन्टेंडोत रुजवला तो योकोई यांनी.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योतोचा. तेथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि १९६५ मध्ये निन्टेंडोत नोकरी धरली. त्या काळी निन्टेंडो ही पत्ते बनवणारी कंपनी होती. १८८९ पासून फुलांच्या चित्रांचे ‘हानाफुदा’ पत्ते हा तिचा मूळ व्यवसाय. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांसारखाच तोही एक देशी, चित्रमय खेळ. फरक एवढाच, की जपानात त्याला यंत्रांची जोड मिळाली आणि कारखाना उभा राहिला. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, हे या तरुण अभियंत्याचे काम. यंत्रे सहसा बिघडत नसत, त्यामुळे हाताशी वेळ भरपूर होता.

त्या रिकाम्या वेळात योकोई यांनी स्वतःच्या गमतीसाठी एक खेळणे केले. आडव्यातिडव्या पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींत जोडलेल्या. मुठी आवळल्या की पट्ट्यांची जाळी लांबवर पसरणार आणि टोकाचा चिमटा दूरची वस्तू पकडणार. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यातून फिरत असताना त्यांच्या नजरेस ते पडले. त्यांनी योकोई यांना दालनात बोलावले. आता कानउघाडणी होणार या धास्तीने गेलेल्या योकोई यांना हुकूम मिळाला, तो हे खेळणे बाजारात आणण्याचा. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. देखभालीचा अभियंता खेळणी घडवणारा झाला.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी जे केले, त्यात एक सूत्र दिसते. १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ पाहा. एका तरुणाने आणि तरुणीने एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत एकेक धातूचे टोक धरायचे. शरीरातून जाणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह काट्यावर दिसे आणि तेच म्हणे प्रेमाचे मोजमाप! आत होता शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा प्रवाहमापक. मुलींचा हात धरायला निमित्त मिळावे हा त्यामागचा हेतू योकोई यांनी कधी लपवला नाही. त्यानंतर प्रकाशाची बंदूक आली. शार्प कंपनीतर्फे प्रकाशविद्युत घट विकायला येणाऱ्या मासायुकी उएमुरा यांच्याशी बोलताना ती सुचली. घटावर प्रकाश पडला की वीज निर्माण होते. मग बंदुकीतून प्रकाशाचा झोत मारला आणि निशाण्यावर घट बसवला की नेम लागला की नाही ते कळणारच. हेच उएमुरा पुढे निन्टेंडोत आले आणि त्यांनी ‘फॅमिकॉम’ हे घरगुती गेमयंत्र घडवले.

या सूत्राला योकोई यांनी जे जपानी नाव दिले, त्याचा आशय असा, की सुकून गेलेल्या तंत्राचा आडव्या अंगाने विचार करावा. सुकलेले म्हणजे टाकाऊ नव्हे. ज्या तंत्राची नवलाई ओसरली आहे, ज्यातले दोष सर्वांना माहीत झाले आहेत आणि म्हणूनच जे स्वस्त व भरवशाचे झाले आहे, ते सुकलेले तंत्र. ते मूळ कामापासून उचलून भलत्याच ठिकाणी लावायचे. आपल्याकडे लोणच्याला मुरलेले म्हणतात, तो अर्थ याच्या अधिक जवळ जाईल.

या विचाराची खरी कसोटी लागली १९८० मध्ये. सत्तरच्या दशकात शार्प, कॅसिओ आदी कंपन्यांत कॅल्क्युलेटरवरून जीवघेणी स्पर्धा झाली आणि तीत द्रवस्फटिकाचे म्हणजे एलसीडीचे पडदे अतिशय स्वस्त झाले. शिनकानसेन या वेगवान रेल्वेतून प्रवास करताना कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबत बसलेला योकोई यांनी पाहिला. मोठ्या माणसाला चारचौघांत न लाजता खेळता येईल असे काही हाताच्या तळव्यात मावेल का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. पुढे एकदा अध्यक्षांचा चालक आजारी पडल्याने योकोई यांना त्यांची गाडी चालवावी लागली, आणि वाटेत बोलायला विषय हवा म्हणून त्यांनी ही कल्पना सांगितली. यामाउची बैठकीला जात होते. तिथे त्यांच्या शेजारी शार्पचे प्रमुख होते. काही दिवसांतच शार्पची माणसे निन्टेंडोच्या दारात उभी राहिली.

‘गेम अँड वॉच’ची करामत समजून घेण्याजोगी आहे. या यंत्राच्या पडद्यावर चित्र हलत नाही. माणसाच्या, चेंडूच्या सगळ्या संभाव्य जागा काचेवर आधीच छापलेल्या असतात आणि वीज त्यांतली एकेक आकृती क्रमाने काळी करते. आपल्या डोळ्यांना वाटते चेंडू उडाला. कॅल्क्युलेटरवर आकडा उमटतो तसाच इथे चेंडू उमटतो, दुसरे काही नाही. फावल्या वेळात घड्याळ म्हणूनही ते वापरता येई. या मालिकेची ४ कोटी ३४ लाख यंत्रे जगभर विकली गेली.

त्याच मालिकेतल्या १९८२ च्या ‘डाँकी काँग’साठी योकोई यांनी जे केले, ते त्यांच्या सर्व कामांत सर्वाधिक टिकले. घडी घालून मिटायच्या यंत्रावर उभी दांडी बसवणे शक्य नव्हते. चार वेगळी बटणे दिली तर खेळताना अंगठा चुकणार. योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखी एक सपाट फुली केली, जी मध्यावर टेकून चारही बाजूंना कलते. अंगठा न उचलता आणि खाली न पाहता दिशा बदलता येऊ लागली. पुढल्याच वर्षी ही फुली फॅमिकॉमवर गेली. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या बाजारांत टीव्हीला जोडायचे जे स्वस्त नकली गेम मिळत, ते फॅमिकॉमचेच अनुकरण होते आणि त्यांच्या डाव्या हाताला हीच फुली असे. ज्या मराठी मुलांनी सुट्टीत ‘मारिओ’ला उड्या मारायला लावल्या, त्यांच्या अंगठ्याखाली योकोई होते; नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हते. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’ हा पहिला मोठा खेळ १९८१ मध्ये रचला, तोही योकोई यांच्याच देखरेखीखाली.

१९८९ मध्ये ‘गेम बॉय’ आला. सातोरू ओकादा आणि इतर सहकाऱ्यांसह योकोई यांनी केलेले हे यंत्र कागदावर अगदीच सामान्य होते. पडदा रंगीत नव्हता. हिरवट पार्श्वभूमीवर करड्या रंगाच्या चार छटा, आणि मागे दिवाही नाही. अटारीचा ‘लिंक्स’ त्याच वर्षी आला तो रंगीत पडदा घेऊन, सेगाचा ‘गेम गिअर’ १९९० मध्ये, तोही रंगीत. या दोघांच्या तुलनेत गेम बॉय गरीब बिचारा वाटे. पण लिंक्स आणि गेम गिअर सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले, खिशाला परवडे, आणि हातातून पडला तरी सहसा काही होत नसे. आखाती युद्धात बाँबहल्ल्यात सापडून भाजलेला एक गेम बॉय निन्टेंडोने न्यूयॉर्कमधील आपल्या दुकानात चालू स्थितीत मांडून ठेवला होता. रंगीत पडदा तेव्हा योकोई यांनाही मिळू शकला असता. त्यांनी तो घेतला नाही, कारण शाळकरी मुलाला दर दोन दिवसांनी सेल विकत घ्यायला लावणारे खेळणे हे त्यांच्या लेखी खेळणेच नव्हते. गेम बॉय आणि त्याचा रंगीत वारस मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक विकले गेले.

इथे थांबता आले असते तर योकोई यांची कथा यशाची सरळ कमान ठरली असती. पण १९९५ मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. अमेरिकेतील एका छोट्या कंपनीने शोधलेले तंत्र त्यामागे होते. लाल दिव्यांची एक बारीक ओळ आणि तिच्यासमोर वेगाने थरथरणारा आरसा; त्या थरथरीतून डोळ्यांपुढे पूर्ण चित्र उभे राही आणि दोन डोळ्यांना दोन चित्रे दिल्याने खोली जाणवे. लाल दिवेच का? ते स्वस्त होते आणि वीज कमी खात. म्हणजे सूत्र तेच होते. मूळ प्रयोगात डोके वळवले की दृश्यही वळे. ही सोय, मळमळ आणि अन्य तक्रारींच्या धास्तीने, गाळण्यात आली. उरला एक जड चष्मा, जो टेबलावरच्या तिवईवर ठेवून त्यात वाकून पाहायचे. मान दुखे, डोळे शिणत, आणि सात वर्षांखालील मुलांनी वापरू नये अशी सूचना सोबत होती. जेमतेम पावणेआठ लाख यंत्रे विकली गेली आणि वर्षाच्या आत ते बंद पडले.

या अपयशाचे खापर बहुतेक लेखक घाईवर आणि कंपनीच्या बदललेल्या अग्रक्रमांवर फोडतात. निन्टेंडोचे लक्ष तेव्हा पुढच्या मोठ्या यंत्राकडे लागले होते, हे खरेच. तरी मला कारण वेगळे वाटते. योकोई यांची आधीची खेळणी चारचौघांत खेळायची होती. लव्ह टेस्टरला दोन माणसे लागत, गेम बॉय तारेने दुसऱ्या गेम बॉयला जोडता येई, अल्ट्रा हँडची गंमत पाहणाऱ्याला अधिक वाटे. व्हर्च्युअल बॉयमध्ये तोंड खुपसलेला माणूस शेजारच्याला काहीच दाखवू शकत नव्हता. शिवाय हालचाल काढून घेतल्यावर आभासी जगात शिरल्याचा आभासही उरला नाही. तंत्र सुकलेले होते, पण विचार पुरेसा आडवा झाला नव्हता.

योकोई यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, निन्टेंडो सोडली. अपयशामुळे त्यांना जावे लागले अशी चर्चा लगेच पसरली. योकोई यांनी ती जाहीरपणे नाकारली. स्वतंत्र काम करण्याचा बेत जुनाच असल्याचे त्यांनी सांगितले. जाण्यापूर्वी त्यांनी गेम बॉयची छोटी, सडपातळ आवृत्ती पूर्ण करून दिली होती. क्योतोतच त्यांनी ‘कोतो’ ही कंपनी काढली आणि बांदाई या खेळणी कंपनीसाठी हातातल्या नव्या गेमयंत्राची आखणी सुरू केली. म्हणजे आपल्याच लेकराशी, गेम बॉयशी, त्यांनी स्पर्धा मांडली. नव्या यंत्राला एकच पेन्सिल सेल पुरे होता आणि ते आडवे तसेच उभेही धरता येत असे.

ते बाजारात आलेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतात होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीचा किरकोळ अपघात झाला. काय झाले ते पाहण्यासाठी ते खाली उतरले असताना दुसऱ्या वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला. वय ५६. बांदाईने ‘वंडरस्वान’ या नावाने ते यंत्र मार्च १९९९ मध्ये आणले आणि त्यावरच्या एका कोड्याच्या खेळाला ‘गुनपे’ हे नाव दिले.

निन्टेंडोने शक्तीच्या शर्यतीत दोनदा धाव घेऊन पाहिली आणि दोन्ही वेळा सोनीने तिला मागे टाकले. त्यानंतर वी आला. त्याच्या कांडीतली हालचाल टिपणारी चिप ज्या प्रकारची होती, त्या प्रकारच्या चिपा नव्वदच्या दशकापासून मोटारींच्या एअरबॅगमध्ये बसत होत्या. टीव्हीवर ठेवायची ‘सेन्सर’ पट्टी तर प्रत्यक्षात काही टिपतच नसे. तिच्यात फक्त अवरक्त दिवे होते आणि ते पाहणारा स्वस्त कॅमेरा कांडीच्या टोकाला होता. हालचालीचा प्रयोग निन्टेंडोने त्याआधीही, २००० मध्ये, योकोई यांच्याच गेम बॉयच्या रंगीत अवतारावर केला होता. तिथे यंत्र कलते केले की पडद्यावरचा गोळा घरंगळे.

प्रतिस्पर्ध्यांना जाग आली ती २०१० मध्ये. सोनीने ‘मूव्ह’ आणला, मायक्रोसॉफ्टने हातात काहीच न धरता अंगाची हालचाल ओळखणारा ‘कायनेक्ट’. कायनेक्टची ८० लाख नगे पहिल्या साठ दिवसांत विकली गेली, आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी आलेल्या निन्टेंडोच्या ‘स्विच’च्या दोन्ही बाजूंच्या छोट्या दांड्यांत मात्र हालचाल टिपणाऱ्या चिपा होत्याच. त्या यंत्रावर २०२३ मध्ये ‘झेल्डा’ मालिकेचा जो खेळ निघाला, त्यात नायकाला दूरच्या वस्तू उचलून हव्या तशा जोडण्याची शक्ती मिळते. तिचे नाव अल्ट्रा हँड.