फाटकाशी बसलेली नीरा

१९३९ सालचा जुलै महिना. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी एक नटी उपोषणाला बसली. उपोषण हा शब्द तेव्हा घरोघरी माहीत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोटला गांधीजींनी उपोषण केले होते. पण ते सार्वजनिक कामासाठी. कुणा नटीने स्वतःच्या कराराच्या आणि पगाराच्या तंट्यासाठी अन्न सोडावे, हे कुणी ऐकले नव्हते. आणि तेही कुठे, तर ज्या कंपनीची तुतारी पडद्यावर वाजली की प्रेक्षक सावरून बसत, तिच्या दारात!

ती नटी म्हणजे शांता आपटे. वय जेमतेम बावीस.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. वडील स्टेशनमास्तर. घरात गाण्याची आवड होती, मुलीचा गळा चांगला होता, म्हणून पंढरपूरच्या संगीत विद्यालयात तिचे शिक्षण झाले. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये ती राधा झाली. शाहू मोडक त्यात कृष्ण होते. मराठी बोलपट नुकताच बोलू लागला होता. घरंदाज मुलीने तोंडाला रंग लावणे अजून चारचौघांत खपत नव्हते. बंधू बाबूराव तिच्या पाठीशी होते, पण पाठीशी भाऊ असला म्हणून लोकांची तोंडे थोडीच बंद होतात!

पुढे प्रभातने तिला घेतले. कोल्हापूरची ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली आणि दुसऱ्याच वर्षी ‘अमृतमंथन’ पडद्यावर आला. तोवरच्या बोलपटांत गाणे म्हणजे नाटकातल्या पदासारखे असे. पात्र समोर तोंड करून उभे राही आणि पद संपेपर्यंत हलत नसे. शांताबाई गाताना डोळ्यांनी बोलल्या, हात हलवले, चेहऱ्यावर शब्दाचा अर्थ उमटू दिला. आज हे सांगण्यासारखे वाटणार नाही, कारण पुढे सगळेच तसे गाऊ लागले. १९३६ च्या ‘अमरज्योती’त दुर्गाबाई खोट्यांसारखी मातब्बर अभिनेत्री समोर असतानाही त्या झाकोळल्या नाहीत.

आणि १९३७ साली आला ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांतारामांनी काढलेला हा चित्रपट आजही शिळा झालेला नाही. अनाथ नीराला मामा फसवतो आणि म्हाताऱ्या विधुर वकिलाशी तिचे लग्न लावून देतो. केशवराव दात्यांचे काकासाहेब दुष्ट नाहीत, आणि म्हणूनच ही गोष्ट अवघड होते. नीरा रडत बसत नाही, विहीर जवळ करत नाही. हे लग्न मी मानत नाही, एवढेच ती शांतपणे आणि रोज सांगते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा त्याला छडीने फोडून काढते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले जुने घड्याळ, भांडी, दारे यांचेच आवाज येतात. त्या शांततेत नीराचा नकार अधिकच मोठा ऐकू येतो.

नीराचे भांडण नवऱ्याच्या वयाशी आहेच, पण मुळात ते तिला न विचारता झालेल्या सौद्याशी आहे. मी आयुष्यभर बँकेत लोकांच्या सह्या घेतल्या. कर्जाच्या कागदावर सही करणारा माणूस क्वचितच तो पूर्ण वाचतो. त्याला गरज असते, घाई असते, आणि कागद दुसऱ्याने तयार केलेला असतो. सह्या दोघांच्या असतात, पण दोघांचे वजन सारखे नसते. ‘कुंकू’ पुन्हा पाहताना मला हे फार जाणवले.

पडद्यावरच्या नीराचे कौतुक झाले. दोन वर्षांनी तीच मुलगी कंपनीच्या फाटकाशी बसली तेव्हा मात्र तो चर्चेचा आणि चेष्टेचा विषय झाला. प्रभातवर अन्याय करायचा नाही. नटनट्यांना महिन्याच्या पगारावर ठेवणारी ती शिस्तीची कंपनी होती. तिनेच शांताबाईंना घडवले. पण घडवणाऱ्याने घडलेल्या माणसाचा हिशेब एकट्याने मांडावा का, हा प्रश्न त्या मुलीने उघड्यावर विचारला. घरात बसून पत्र लिहिले असते तर ते फायलीत गेले असते. उपोषण सुटले, पण शांताबाई प्रभातमध्ये राहिल्या नाहीत. १९३८ चा ‘गोपालकृष्ण’ हा त्यांचा तिथला अखेरचा चित्रपट ठरला.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, त्यांचे पुस्तक निघाले. नाव ‘जाऊ मी सिनेमात?’ नटीने लिहिलेले पुस्तक म्हटले की लोकांना आठवणी हव्या असतात. हे पुस्तक मात्र चित्रपटाच्या धंद्यात शिरू पाहणाऱ्यांना त्या धंद्याची आतली बाजू दाखवणारे होते. पैसा कोणाचा, कष्ट कोणाचे, हे त्यात विचारले होते. कारखान्यातल्या कामगाराबद्दल असे कोणी लिहिले तर त्या काळीही नवल नव्हते. नटीसुद्धा कामगारच आहे, हे म्हणणे नवे होते.

आणि मग त्या एका दारात अडकून राहिल्या नाहीत. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’साठी त्या तमिळ शिकल्या आणि संवाद, गाणी स्वतःच्या आवाजात म्हटली. त्या चित्रपटात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९४२ चा ‘जमीनदार’ लाहोरच्या पांचोलींचा. १९४३ च्या ‘दुहाई’त सोबत नूरजहाँ. दुधनीच्या स्टेशनमास्तरांच्या मुलीने केवळ गळ्याच्या आणि हिमतीच्या जोरावर मद्रास-लाहोर जवळ केले.

परंतु काळ बदलत होता. पार्श्वगायनाने जोर धरला आणि गाता गळा हे नटीचे भांडवल राहिले नाही. १९४६ च्या ‘सुभद्रा’त शांताबाईंबरोबर एक कोवळी मुलगी गायली, तिचे नाव लता मंगेशकर. पन्नास सालानंतर शांताबाईंची कामे विरळ होत गेली.

२४ फेब्रुवारी १९६४ रोजी, काही महिन्यांच्या आजारपणानंतर, अंधेरीच्या राहत्या घरी त्या गेल्या. वय अवघे सत्तेचाळीस. रंगभूमी आणि पडद्यावर नाव मिळवलेल्या नयना आपटे या त्यांच्या कन्या.

आम्ही उपनगरातली माणसे रोज अंधेरीवरून जातो. सकाळच्या गाडीतून तिथे उतरणाऱ्या गर्दीत पाठीला पिशवी, मोबाइलमध्ये फोटो अशा कितीतरी मुली असतात. त्या ऑडिशनला निघालेल्या असतात. त्यांच्या आयांना आज पूर्वीइतकी लाज वाटत नाही, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मालिकेत केलेल्या कामाचे पैसे हाती यायला तीन-तीन महिने लागतात, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. शांताबाईंच्या पुस्तकाच्या नावातले प्रश्नचिन्ह अजून पुसलेले नाही.

एखाद्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘कुंकू’ पाहावा. कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर तिला आवर्जून शेजारी बसवावे. चित्रपट संपला की फाटकाशी बसलेल्या नीराची ही गोष्टही तिला सांगावी. आणि उद्या ती पहिल्या नोकरीचा कागद घेऊन घरी आली, तर सही करण्यापूर्वी तो दोघांनी मिळून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.