गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी

इतिहासकार म्हणून प्रा. कोसंबी यांचे नाव सुशिक्षितांस परिचित आहे. परंतु ते मुळात गणिती होते आणि त्यांच्या उमेदीची दोन वर्षे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेली, हे आपल्या पालकवर्गापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पालीचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेस गेले व १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन परतले. काही काळ त्यांनी बनारसला शिकवले. त्यावेळी अलीगढचे कुलगुरू होते सर सय्यद अहमद यांचे नातू सय्यद रॉस मसूद. त्यांनी आंद्रे वेइल या तरुण फ्रेंच गणितीस आणले होते व वेइल यांनी १९३१ साली कोसंबींना बोलावून घेतले. गुणाची पारख करताना जात-धर्म आड आला नाही. १९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

पुण्यात असतानाच १९४३ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय विद्यार्थ्यांना असा समजेल. पाण्यात दुधाचा एक थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. स्निग्धांशाचे बारीक थेंब सारखे थरथरत, वाट चुकल्यासारखे भटकताना दिसतात. पाण्याचे अदृश्य रेणू त्यांना चहूकडून धक्के देत असतात. अशा भटकंतीचे गणित आइन्स्टाइनने १९०५ साली मांडले. थेंब पुढच्या क्षणी कोठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. मग ही गती कागदावर आणायची कशी?

थळच्या मुलांना हे सोपे जावे. उंदेरीकडून येणारी लांब लाट, तिच्यावर मध्यम लाटा, त्यांवर वाऱ्याच्या बारीक लहरी, अशी सगळ्यांची बेरीज म्हणजे समुद्राचा खवळलेला पृष्ठभाग. कोसंबींनी दाखवले की, ठराविक कालावधीतील यदृच्छ हालचालही अशीच निश्चित आकारांच्या बेरजेत मांडता येते. यदृच्छ असते ती केवळ प्रत्येकाची उंची. थेंबाच्या बाबतीत लांब लहरींचा वाटा मोठा, आखूड लहरींचा लहान. आज संगणकाला अशा उंच्या सोडतीप्रमाणे निवडायला सांगितले की थेंबाची वाट पडद्यावर उमटते. प्रत्येक वेळी वाट निराळी, पण नियम तोच.

१९४८-४९ साली युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास करण्यास गेले. त्यावेळी आपल्या देशात असे एकही इलेक्ट्रॉनिक यंत्र नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९४५ ते १९६२ पर्यंत होते. पुण्याहून रेल्वेने ये-जा करीत. पत्ते पिसल्याने ते खरोखर किती मिसळतात, याचेही मोजमाप त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले! पुढे एका अतिकठीण प्रश्नाची उकल केल्याचा त्यांचा दावा टिकला नाही व त्यांच्या नावास धक्का बसला, हेही सांगितले पाहिजे.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. १९४३ चा तो सिद्धांत परदेशात मात्र बराच काळ कारुनेन व लोएव्ह या दोघांच्याच नावे शिकवला जाई, जरी त्यांचे निबंध नंतरचे होते. अलीकडे काही ग्रंथांत त्यापुढे कोसंबी हे नावही छापले जाऊ लागले आहे.