डॉ. थॉमस हॉजकिन

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, व घसा धरला की जबड्याखाली गाठ हाताला लागते, हे आमच्या विद्यार्थ्यांना आजीच्या तोंडून ठाऊक असतेच. जखम भरली की गाठ आपोआप जिरते. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाच्या मानेवर आलेली गाठ जिरेना. ती दुखत नव्हती, म्हणून त्याने कोणास सांगितलेही नाही. रोज सायंकाळी जुहूच्या वाळूत चेंडूमागे धावणाऱ्या मुलास न दुखणाऱ्या गाठीची काय पर्वा? पुढे ती गंडमाळ, म्हणजे क्षयाची गाठ, असे समजून कित्येक महिने क्षयाचे औषध चालले. ताप हटेना, रात्री घामाने अंथरूण भिजे, वजन उतरू लागले. अखेरीस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गाठ काढून तपासण्यात आली, तेव्हा रोगाचे जे नाव कळले ते एका माणसाचे होते. हा हॉजकिन कोण, असे त्या मुलाने आम्हांस विचारले. त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहोत.

थॉमस हॉजकिन यांचा जन्म लंडन शहराच्या कडेस पेंटनव्हिल येथे 17 ऑगस्ट 1798 रोजी एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर म्हणजे साधा पोशाख व साधे बोलणे पाळणारा, लहानमोठ्यांस समान लेखणारा ख्रिस्ती पंथ. वडील खासगी शिक्षक होते व थॉमस यांचे प्रारंभीचे शिक्षण घरीच झाले. एडिंबरो येथे वैद्यकाचा अभ्यास चालू असता ते पॅरिसला गेले आणि तेथे लेनेक या प्रसिद्ध वैद्यापाशी छातीची नळी कानास लावून रोग ओळखण्याची नवी विद्या शिकले. 1823 साली त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. पुढे लंडनच्या गाईज रुग्णालयात मृतदेहांची तपासणी करणे व रोगट अवयवांचे संग्रहालय सांभाळणे हे काम त्यांच्याकडे आले. असे काम फारसे कोणी हौसेने पत्करीत नसे. हॉजकिन यांनी मात्र शेकडो देह तपासले व अवयव बरण्यांत ओळीने लावून त्यांची सूची छापली.

या तपासण्यांत त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. काही देहांत मानेपासून पोटापर्यंतच्या रसग्रंथी फुगलेल्या होत्या, प्लीहाही बहुधा वाढलेली होती. पण जवळपास जखम नाही, पू नाही. ग्रंथी कोणा दुसऱ्या रोगामुळे सुजल्या नसून रोगाचे मूळच ग्रंथींत आहे, असे अनुमान त्यांनी काढले. अशा सात रोग्यांचा वृत्तांत त्यांनी जानेवारी 1832 मध्ये लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे ठेवला. सभेने तो ऐकला आणि विसरून गेली!

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. 1827 साली याच हॉजकिन यांनी जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्यासह नव्या सुधारलेल्या सूक्ष्मदर्शकातून रक्तातील तांबड्या पेशींचे अचूक वर्णन केले होते. तथापि या सात रोग्यांच्या ग्रंथी त्यांनी केवळ डोळ्यांनी व बोटांनी तपासल्या. पुढे सुमारे शंभर वर्षांनी बरण्यांत उरलेल्या ग्रंथींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले, तेव्हा काहींत रोगाची खरी खूण सापडली. सातांपैकी काही रोगी मात्र अन्य विकारांचे असावेत असे आज मानतात. नुसत्या डोळ्यांचे निदान येथवरच पोहोचते. आमच्या विद्यार्थ्याच्या गाठीस बाहेरून चाचपून क्षयाची म्हणणाऱ्यास आम्ही म्हणूनच फार दोष देत नाही. आपल्या देशात अशी गाठ पुष्कळदा क्षयाचीच निघते. परंतु औषधाने ती हटत नसेल, तर गाठीचा तुकडा तपासल्यावाचून सत्य कळत नाही. मुंबईत ही तपासणीची शिस्त ज्यांनी घालून दिली, त्यांत 1941 पासून टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे.

हॉजकिन यांच्या आयुष्यातील मोठा आघात 1837 साली झाला. गाईज रुग्णालयात साहाय्यक वैद्याची जागा रिकामी झाली, व योग्यतेने ती त्यांची होती. पण रुग्णालयाचे सर्वाधिकारी खजिनदार बेंजामिन हॅरिसन हे हडसन बे कंपनीच्या कारभाऱ्यांपैकीही एक होते. ही कंपनी उत्तर अमेरिकेत कातड्यांचा व्यापार करी, आणि तिच्या व्यापारापायी तेथील मूळ रहिवाशांची कशी दुर्दशा होते हे हॉजकिन यांनी खुद्द हॅरिसन यांनाच लिहून कळविले होते. जागा दुसऱ्यास मिळाली. हॉजकिन राजीनामा देऊन बाहेर पडले. ज्या संग्रहालयात त्यांच्या हातची प्रत्येक बरणी होती, तेथे बसून पुढचे संशोधन करणे आता संपले. त्यांचे वय तेव्हा अवघे 39 होते. ते पत्र त्यांनी लिहिले नसते तर वैद्यकशास्त्रास आणखी काय लाभले असते, हा विचार मनात येतो. पण ते न लिहिणारा माणूस हॉजकिन नव्हता. मूळ रहिवाशांच्या रक्षणासाठी जी संस्था त्याच सुमारास लंडनमध्ये निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. पुढे ते गरिबांस औषध देत, व फी मागण्याचा त्यांना मोठा संकोच वाटे. तरुणपणी नात्यातील ज्या बहिणीवर त्यांचे प्रेम होते तिच्याशी विवाह करण्यास पंथाच्या नियमाची आडकाठी आली. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी एका विधवेशी विवाह केला.

रोगास त्यांचे नाव मिळाले ते दुसऱ्याच्या प्रामाणिकपणामुळे. गाईजमधीलच सॅम्युएल विल्क्स यांना हाच विकार स्वतंत्रपणे आढळला होता. हॉजकिन यांनी तो आधीच वर्णिला आहे हे कळल्यावर त्यांनी 1865 साली त्यास हॉजकिन यांचे नाव दिले.

पुढे स्टर्नबर्ग यांनी 1898 मध्ये व डोरोथी रीड या विदुषींनी 1902 मध्ये या ग्रंथींतील खास पेशी वर्णिली. ती मोठी असून तिला बहुधा दोन केंद्रे असतात, व ती घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसतात. 1964 साली आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यास होणाऱ्या अर्बुदात एपस्टाइन, अचाँग व बार यांना एक विषाणू सापडला. तोच पुढे हॉजकिनच्या कित्येक रोग्यांच्या या पेशींतही आढळला. आपल्या देशातील मुलांत तर तो बहुतेकांत आढळतो. हा विषाणू लाळेवाटे पसरतो व बहुतेक सर्व माणसांच्या शरीरात लहानपणीच शिरून जन्मभर निमूट पडून राहतो. त्यांपैकी फारच थोड्यांस हा रोग होतो. रोग स्वतः संसर्गजन्य नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसण्यास काही मुले कचरत होती, म्हणून हे मुद्दाम लिहिले. आज योग्य उपचारांनी या रोगाचे बहुसंख्य रोगी बरे होतात. तो मुलगाही सहा महिन्यांनी वर्गात परतला. डोक्यावर तेव्हा नुकते केस उगवू लागले होते.

1866 साली हॉजकिन आपले ज्यू मित्र सर मोझेस माँटेफिओरी यांच्याबरोबर पॅलेस्टाइनला निघाले. वाटेत आमांशाने गाठले, आणि एप्रिल महिन्यात याफा बंदरी त्यांचा अंत झाला. त्यांची कबर तेथेच आहे, व तिच्यावरील दगडी स्तंभ माँटेफिओरी यांनी उभारलेला आहे.