फ्रेश विंडोजमधून गायब होणारा मंगल आणि तो घडवणारे र. कृ. जोशी

पीसीवर नवीन विंडोज १० किंवा ११ टाकलं की एखादी जुनी मराठी वर्ड फाइल उघडून बघा. अक्षरं दिसतात, पण वळण वेगळं. दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर सरकतो. फाइल बिघडलेली नसते. ती मंगल फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मंगल असेलच असं नाही. मग विंडोज त्याच्या जागी निर्मला वापरतं.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा, तिथून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स इन्स्टॉल करा. नेट चालू हवं. वर्ड बंद करून परत उघडलं की झालं.

सेलूत मित्रांचे पीसी फॉरमॅट करून देताना हे मी इतक्या वेळा केलंय, की हा मंगल बनवला तरी कुणी, ते शोधावंसं वाटलं. नाव सापडलं रघुनाथ कृष्ण जोशी.

जोशींचा जन्म १९३६ चा. योगायोग म्हणजे त्याच वर्षी आमच्या वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती सुरू झाली. छपाईचे खिळे आणि टाइपरायटर यांत देवनागरी मावत नव्हती, म्हणून लिपीच सोपी करावी असा विचार तेव्हा जोरात होता. समितीच्या पुस्तकांत इ, ई, उ ऐवजी अि, अी, अु छापलं जायचं. म्हणजे यंत्रासाठी अक्षर बदलायचं. जोशींचं काम नेमकं उलट्या दिशेनं गेलं.

ते कवी होते, सुलेखनकार होते. मुंबईत उल्का या जाहिरात कंपनीत त्यांनी बरीच वर्षं कलादिग्दर्शन केलं. १९८३ मध्ये ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवायला गेले. तिथून १९९६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते एनसीएसटीत आले. हीच संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट केले. त्यातला देवनागरीचा मंगल विंडोज २००० बरोबर आला.

यात अवघड काय? कॉम्प्युटर 'कि' साठवताना आधी क ठेवतो, मग वेलांटी. स्क्रीनवर मात्र वेलांटी आधी काढायची. एकच र, पण सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या या चार शब्दांत चार रूपं. हे सगळे आकार आणि कुठे कोणता वापरायचा याचे नियम फॉन्टमध्ये भरावे लागतात. ते नियम वाचून अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असतो. दोन्ही हवेत. विंडोज एक्सपी फ्रेश टाकल्यावर रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवर टिक करून, सीडी घालून रीस्टार्ट करावं लागे, ते यासाठीच.

लिनक्सवाल्यांनाही जोशी विसरले नाहीत. त्यांचा रघु हा फॉन्ट एनसीएसटीने मुक्त परवान्यावर दिला.

२००८ मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं. अँड्रॉइडचा पहिला फोन तेव्हा बाजारात यायचा होता. आज तुमच्या फोनवर मंगल नाही, पण अक्षर जुळवण्याची पद्धत तीच आहे. म्हणून फोन रीसेट केला किंवा नवीन ओएस टाकली की विद्यार्थी, राष्ट्र, दुसऱ्या हे तीन शब्द लिहून बघा.

नुसते चौकोन दिसले, तर फॉन्टच नाही. अक्षरं आहेत पण वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी पडलीत, तर जुळवणी होत नाहीये. आधी ते अ‍ॅप अपडेट करा. पीसीवर केलेली पीडीएफ फक्त दुसऱ्याच्या फोनवर तुटत असेल, तर सेव्ह करताना फॉन्ट तिच्यात एम्बेड झालेला नाही. तिन्ही वेळा दोष मशीनमध्ये शोधा. तुमचं नाव नीट उमटत नाही म्हणून इंग्रजी स्पेलिंगवर समाधान मानायची काही गरज नाही.