नाना शंकरशेठ आणि घाटातली बोथट पहार

मुलांना नाना शंकरशेठ सांगताना आपण पहिल्या आगगाडीशीच थांबतो. जरा पुढेही जाऊया.

नानांचा जन्म 1803 चा, मुरबाडचा; कर्मभूमी मात्र गिरगाव. मुंबईत रेल्वे यावी म्हणून 1845 पासून त्यांनी खटपट केली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढे बोर घाटात काळा कातळ आडवा आला.

1856 पासून मजूर सुरुंगासाठी भोकं पाडू लागले. या दगडावर पहारीची धार लवकर बोथट होते. घासून पोलाद फार तापलं, तर त्याचं पाणी उतरतं; ते मऊ पडतं आणि जास्तच झिजतं. म्हणून भोकात पाणी ओतायचं आणि बोथट पहार लोहाराकडे धाडायची. तो भट्टीत तापवून धार काढतो, पुन्हा पाणी देतो.

असे 25 बोगदे झाले. पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर गेले. 1863 साली घाट खुला झाला, 31 जुलै 1865 रोजी नाना गेले.

वर्गात एक खिळा दगडावर जोरात घासून मुलांना टोकाला हात लावू द्या. नानांसोबत ते मजूरही त्यांच्या लक्षात राहतील.